सात नंबरचा दोरा

मॅचवरून घरी आले की पँट भिजवायच्या आधी मी खिसे उलटे करते. होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळची पाटी, झाडायचा छोटा ब्रश निघतो, बॉल-स्ट्राइक मोजायचा काउंटर निघतो, घडी घालून मऊ पडलेली टीमची यादी निघते, आणि तळाशी जमलेली मैदान आखायची फक्की, तांबड्या मातीत मिसळून गुलाबी झालेली. त्या संध्याकाळी फक्कीबरोबर एक काळा दोरा निघाला. त्याला दोन गाठी होत्या, एका जागी हळदीचा पिवळट डाग होता, आणि एक टोक कात्रीनं कापलेलं, अगदी सरळ. मी तो ओट्यावर ठेवला. मग ओट्यावर बरा वाटेना म्हणून देवाच्या फळीवर नेला. तिथंही हात अडखळला, कारण तो दुसऱ्या गावच्या देवाचा, दुसऱ्या कुणी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यातून आलेला. शेवटी सॉफ्टबॉलच्या नियमांचं पुस्तक उघडलं, त्यात तो ठेवला आणि पुस्तक मिटलं.

कापणारी मीच होते.

मॅच देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर होती, आणि पंच मी होते. तालुकास्तर, चौदा वर्षांखालच्या मुली. गणपती जाऊन आठवडा झाला होता. पाऊस मध्येच येत होता, मध्येच असं ऊन पडत होतं की कातळातून वाफ वर यावी. सड्यावर त्या दिवसांत सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, घोट्याएवढीसुद्धा नाहीत, आणि आउटफील्डच्या मुली ती तुडवू नयेत म्हणून पाय कसे उचलून टाकतात ते बघत बसावंसं वाटतं. खेळायला मात्र सडा कठीण. फक्की तिथं नीट धरत नाही, जांभ्या दगडाच्या भोकांत शिरते आणि रेघ तुटक दिसते. बेस, म्हणजे पळताना गाठायचे टप्पे, ठोकायला खुंटी आत जात नाही, म्हणून वाळू भरलेली गोणपाटं ठेवतात. घसरून बेस गाठणं हा या खेळातला सगळ्यात देखणा प्रकार, पण जांभ्यावर घसरलं तर मांडी सोलवटून निघते. आमच्या मुली घसरत नाहीत. त्या उभ्यानंच येतात, गोणपाटावर दोन्ही पाय रोवून थांबतात.

तिसरी इनिंग चालू होती. सात नंबरची मुलगी, बारीक, लांब पायांची, सेकंड बेसवर उभी होती. समोरच्या टीमच्या सरांनी टाइम मागितला आणि थेट माझ्याकडे चालत आले. म्हणाले, ‘मॅडम, सात नंबरच्या हातात दोरा आहे. सकाळी आमच्या पोरींच्या कुड्या तुम्ही काढायला लावल्यात. मग हिला वेगळा न्याय का?’ आवाज चढलेला नव्हता. त्यांचं खरंच होतं. सकाळच्या तपासणीत मी त्यांच्या पाच मुलींच्या कानातलं काढायला लावलं होतं. एकीचे कान नुकतेच टोचलेले होते. तिची आई बांधावर उभी होती. तिनं काही न बोलता बाजूच्या झाडूतून हीर मोडला, दोन बारीक काड्या केल्या आणि भोकं बुजू नयेत म्हणून मुलीच्या कानांत घातल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या काड्यांकडे मी पाहिलं आणि मान वळवली. काडी हा काही दागिना नव्हे. सात नंबरचा दोरा मला सकाळी दिसला नव्हता, तो तिच्या लांब बाहीखाली होता. पळताना बाही वर सरकली.

मी सेकंड बेसपाशी गेले. ‘हे काढ गो,’ म्हटलं. ती मनगट दुसऱ्या हातानं झाकून म्हणाली, ‘मॅडम, आजयेन बांधल्यान हा. काढूक नको म्हणान सांगल्यान.’ मी म्हटलं, खेळायचं तर काढावा लागेल, नाहीतर बाहेर बसावं लागेल. तिनं तिच्या बाईंकडे बघितलं. बाईंनी खाली बघितलं. मग ती गाठ सोडायला लागली, पण पावसात आणि घामात भिजून गाठ दगडासारखी झाली होती. नखं लागेनात, दात लावून बघितले. सगळं मैदान थांबलेलं. पिचर बॉल या हातातून त्या हातात टाकत होती. कुणीतरी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री आणून दिली. मी दोऱ्याखाली बोट घातलं, तिची नाडी लागत होती, आणि कापला. दोरा गोणपाटावर पडला. ती उचलायला वाकली, तेवढ्यात मी तो उचलून खिशात टाकला आणि ‘मॅच झाल्यावर देते’ म्हणाले. हळू आवाजात ती एवढंच म्हणाली, ‘आजयेक काय सांगू?’

मी ‘प्ले’ म्हटलं.

पुढच्याच बॉलवर बॅटरनं लेफ्टला सुरेख फटका मारला. सेकंडवरून होमपर्यंत, एरवी ही पोर आरामात आली असती. सकाळपासून तिच्या पायांत काय वेग आहे ते मी बघत होते. पण ती डाव्या हाताचं मनगट उजव्या हातात धरून पळाली. हात बांधलेलं माणूस पळतं तसं. थर्ड ओलांडून ती होमकडे आली तेव्हा कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल आधीच होता. आउट मीच दिला. तिची टीम ती मॅच एका रननं हरली. दोरा द्यायचा मी विसरले, आणि ती मागायला आली नाही.

त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडून मी तो नियम वाचला. मला तो पाठ आहे, तरी वाचला. जो उघडा दागिना पंचाला धोकादायक वाटेल तो काढायला लावावा, असा त्याचा अर्थ आहे. पंचाला वाटेल. म्हणजे नियम करणाऱ्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं. आजाराची माहिती असलेली पट्टी तर दागिन्यात धरतच नाहीत, ती चिकटपट्टीनं अंगाला चिकटवायची आणि खेळायचं. नियमाचं कारणही मला माहीत आहे. अंगठी ग्लोव्हच्या चामड्यात अडकली तर बोटाचं कातडं सोलून येतं. लोंबतं कानातलं हेल्मेट काढताना कानाची पाळी फाडू शकतं. पिचरच्या बॉल टाकायच्या हातावर काही असेल तर बॅटरची नजर तिकडे जाते, म्हणून पिचरला तर मनगटावर घामाची पट्टीसुद्धा चालत नाही. सगळी कारणं शहाणी आहेत. पण सात नंबर पिचर नव्हती, आणि बाहीखालच्या त्या घट्ट दोऱ्यात काही अडकेल असं मला मनापासून वाटलं होतं का? नव्हतं वाटलं. मला एवढंच वाटलं होतं की सरांना उत्तर द्यायला हवं.

सरांना उत्तर द्यायलाच हवं होतं, हेही मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते. एकीच्या कुड्या काढायच्या आणि दुसरीचा दोरा ठेवायचा, हे मुली विसरत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला हरल्याचं दुःख दोन दिवस टिकतं, पण ‘तिला चाललं, मला नाही’ हे पुढं कितीतरी वर्षं टिकतं. शिवाय तालुका जिंकला की जिल्हा, जिल्ह्यावरून विभाग, विभागावरून राज्य, आणि त्या वाटेवर पुढं दहावीचे ग्रेस गुण असतात. पाच गुणांनी ज्या घरातल्या मुलीचं पुढचं शिक्षण ठरतं, त्या घरात हा खेळ खेळ राहत नाही. सरांनी टाइम मागितला त्यात कावा नव्हता. ते आपल्या पोरींच्या बाजूनं उभे राहिले, जसं कुणीतरी राहायलाच हवं.

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आला तेव्हा मी सातवीत होते. पी.टी.चे सर कुठलंसं शिबिर करून आले आणि येताना एक बॉल, दोन बॅटी आणि सहा ग्लोव्ह घेऊन आले. खेळाची गोष्ट त्यांनी वर्गात सांगितली होती. १८८७ साली शिकागोत, थंडीच्या दिवसांत, एका बोट क्लबच्या बंद हॉलमध्ये माणसं फुटबॉल मॅचच्या निकालाची वाट बघत बसली होती. एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे फेकला, त्यानं झाडूच्या दांड्यानं तो परतवला. मग जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसानं तो ग्लोव्ह त्याच्याच दोरीनं आवळून बांधला, बॉलसारखा गोल केला, जमिनीवर खडूनं मैदान आखलं आणि खेळ सुरू झाला. सर ही गोष्ट सांगताना स्वतःच्या बुटाची नाडी सोडून, मुठीभोवती आवळून दाखवायचे. आम्हाला फार बरं वाटायचं. ज्या खेळाचा पहिला बॉल दोरीनं बांधलेला आणि पहिली बॅट म्हणजे झाडूचा दांडा, तो आपल्यासारख्यांचाच खेळ असणार.

सहा ग्लोव्ह आणि मैदानात नऊ मुली. त्यामुळे इनिंग संपली की ग्लोव्ह जिथल्या तिथं जमिनीवर ठेवून यायचं, आणि समोरच्या टीमच्या मुली तेच उचलून घालायच्या. दुसऱ्या शाळेच्या मुलींच्या घामानं ओला झालेला ग्लोव्ह हातात घालताना अंगावर काटा यायचा, आणि दोन मिनिटांत तो आपलाच व्हायचा. मी डावखुरी. डावखुऱ्या माणसाला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, आणि आमच्याकडचे सगळे डाव्या हाताचे. मी डाव्या हातात घालून बॉल अडवायची, मग ग्लोव्ह काखेत दाबून हात सोडवायची आणि त्याच हातानं फेकायची. तोवर पळणारी बेसवर पोचून हसत असायची. सरांनी मला फर्स्ट बेसला ठेवलं, तिथं फेकायचं काम कमी.

आठवीत आम्ही जिल्ह्याला गेलो. टीशर्ट शाळेनं पांढरे दिले, आकडे घरी लावायला सांगितले. माझ्या आईनं जुन्या निळ्या परकराचे दोन तुकडे कापून ‘११’ केला. पण शिवायला वेळ मिळाला नाही. एसटी पहाटे पाचची. आईनं चार सेफ्टी पिना लावून दिल्या आणि म्हणाली, नीट वाग, वाकू नको. वाकू नको! मैदानावर तपासणीला एक म्हातारे पंच होते, पांढऱ्या भुवया, गळ्यात उपरण्यासारखा टॉवेल. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, पिना लागल्या, आणि त्यांनी त्या एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. ‘पिना घालून खेळायचं नाही,’ म्हणाले. निळे तुकडे खाली पडले. मला वाटलं संपलं, कारण पाठीवर आकडा असायलाच हवा आणि तो सहा इंच तरी हवा, हे सरांनी आम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी फक्कीची बादली ओढली. पांढऱ्या टीशर्टवर पांढरी फक्की कशी दिसणार, म्हणून खालची तांबडी माती मुठीत घेतली, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी घातलं, कालवली आणि बोटानं माझ्या पाठीवर दोन उभ्या रेघा ओढल्या. मग हाताची वीत लावून मोजल्या. ‘सहाच्या वर आहे,’ म्हणाले, ‘जा.’

ती ओली, गार माती टीशर्टातून पाठीला लागली होती ते मला आज, या वयात, तसंच्या तसं जाणवतं. दुपारपर्यंत ती वाळली, पोपडे धरले, मी पळाले की भुगा कंबरेत जायचा. आकडा शेवटपर्यंत वाचता येत होता. त्या माणसानं नियम तसूभरही सोडला नव्हता. पिन चालणार नाही म्हणजे नाही. आकडा हवा म्हणजे हवा. फक्त त्यानं मला त्या नियमापाशी एकटं सोडलं नाही. आणि हे सगळं त्यानं मॅच सुरू व्हायच्या आधी केलं, कुणी बघत नसताना, मी सेकंड बेसवर उभी नसताना.

टीशर्टवरचा डाग गेला नाही. आई म्हणायची, जांभ्याचा डाग कधी जात नाही.

आता जे सांगायचं ते लिहायला मी इतका वेळ लावला, कारण दोऱ्याबद्दल लिहिणं त्यापेक्षा सोपं आहे. त्याच सकाळी, त्याच तपासणीत, सात नंबरच्या शाळेच्या बॅटी माझ्या हातात आल्या होत्या. दोनच. त्यांच्या बाई सगळं सामान खताच्या रिकाम्या पिशवीत घालून एसटीनं घेऊन आल्या होत्या. दोन बॅटी, तीन हेल्मेट, कॅचरचा मास्क आणि सात ग्लोव्ह. एक बॅट ठीक होती. दुसरी मी उचलली आणि आत काहीतरी खुळखुळलं. टोकाची टोपी सैल होती, आतला तुकडा सुटून नळीत फिरत होता. मुठीवर मूळची पकड उरलीच नव्हती, तिथं वायरमन लावतात तशी काळी चकचकीत टेप गुंडाळली होती. मी टोपी अंगठ्यानं दाबून बसवली. बॅट पुन्हा हलवली. पुन्हा खुळखुळली. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं, कारण आमच्या सरांच्या डोळ्यांत तेच असायचं. मी बॅट परत पिशवीत ठेवली आणि यादीवर सही केली.

नियम काय म्हणतो? बॅट चौतीस इंचांहून लांब नको, अडतीस औंसांहून जड नको, सव्वादोन इंचांहून जाड नको. पकड दहा ते पंधरा इंच लांब, आणि ती गुळगुळीत प्लॅस्टिक टेपची चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. बॅटला पोचे, चिरा, धारदार कड नको. आणि हलवल्यावर ती खुळखुळता कामा नये. हे सगळं उगीच लिहिलेलं नाही. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी तोंड फुटलेलं असणार, कुणाचा तरी दात गेलेला असणार. घाम आलेल्या हातात प्लॅस्टिकची टेप साबणासारखी होते.

शेवटच्या इनिंगला, पाचव्या, तीच बॅट घेऊन एक मुलगी उभी राहिली. तिनं पूर्ण ताकदीनं फिरवली, बॉल चुकला, आणि बॅट हातातून सुटली. ती फिरत फिरत, उन्हात चमकत, थर्डच्या बाजूला जिथं तिच्याच टीमच्या मुली ओळीनं बसल्या होत्या तिकडे गेली. मी ओरडले की नाही आठवत नाही. बॅट पाण्याच्या निळ्या पिंपावर आदळली. पिंप फुटला, पाणी सगळं त्या मुलींच्या पायांवर आलं, आणि त्या हसायला लागल्या. हसल्या! एकमेकींवर पाणी उडवलं. पिंपापासून सगळ्यात जवळ बसलेली मुलगी सात नंबर होती. पिंपाला पडलेलं भोक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. तेव्हा तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, असायचं कारणही नव्हतं, ती तिच्या बॅटिंगची वाट बघत खाली बसली होती. बॅटची टोपी निघून गवतात पडली होती आणि बॅटच्या आतला तुकडा कातळावर पडून लखलखत होता. कुणाला काही झालं नाही. मी बॅट बाजूला ठेवायला सांगितली, मॅच पुढे चालू केली, आणि घरी येईपर्यंत माझे गुडघे हलत होते.

तो तुकडा मी उचलला नाही. दोरा मात्र खिशात होता.

रात्री हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तेव्हा कळलं की सबंध दिवसात मी सगळं उलटं केलं होतं. जिथं कुणाला इजा होणार नव्हती तिथं मी कात्री चालवली. जिथं डोकं फुटू शकत होतं तिथं दया दाखवली. आणि दोन्ही वेळा मला मी बरोबर वागतेय असंच वाटत होतं. दोऱ्याच्या वेळी वाटलं, मी कडक आहे, कुणाला झुकतं माप देत नाही. बॅटच्या वेळी वाटलं, मी गरिबाची जाण ठेवते. दोरा कापायला काही लागत नाही. तो फुकट आहे, त्याच्या बदल्यात कुणाला काही द्यावं लागत नाही, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं मैदानावर कुणी नव्हतं. बॅट बाजूला काढायची तर पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो, मग ते खेळणार कशानं? त्या प्रश्नाला तोंड द्यायला नको म्हणून मी सही केली. याला दया म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही.

यात सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. हेल्मेटच्या बाबतीत आम्ही असं कधीच करत नाही. बॅटरला हेल्मेट हवं, तिच्या मागे तयार उभी असलेलीला हवं, बेसवरच्या प्रत्येकीला हवं, दोन्ही कान झाकणारं. तिन्ही बेस भरले की लागतात पाच, आणि आमच्या बहुतेक शाळांकडे असतात तीन. म्हणून पद्धतच आहे. दोन्ही टीमची हेल्मेट एका जागी ठेवायची आणि ज्यांची बॅटिंग त्यांनी वापरायची. खोबरेल तेलाच्या वासानं भरलेली ती हेल्मेट, आतला फोम गेलेला, कुणाच्या वेणीचं रबर आत अडकलेलं, ती या डोक्यावरून त्या डोक्यावर दिवसभर फिरतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. लहानपणी ग्लोव्हही असेच फिरले. मग बॅट मागून घ्यायचं मला का सुचलं नाही? सरांना मी विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते का? मी विचारलंच नाही. बाईंची लाज राखायची म्हणून मी त्यांच्या मुलींची डोकी पणाला लावली.

मैदानावर पंधरा-वीस वर्षं उभी राहून माझं मत असं झालंय की किरकोळ नियम आणि मोठा नियम हे पुस्तकात वेगळे लिहिलेले नसतात, ते मैदानावरच वेगळे होतात. टीशर्ट आत खोचलेला नाही, मोज्यांचे रंग वेगळे आहेत, आकडा जरा तिरका आहे, अशा गोष्टींसाठी चालू मॅच थांबवणारे पंच मी बघितलेत. मीही थांबवलीय, तरुण असताना, शिस्त लावायची म्हणून. त्यानं शिस्त लागत नाही. मुली पंचाला भ्यायला शिकतात आणि बाही खाली ओढायला शिकतात. सात नंबरची बाही लांब का होती, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या दमट उन्हात कोण लांब बाही घालतं? तिला दोऱ्याचा नियम माहीत होता. कुणा पंचाला दाखवून विचारावं असं तिला वाटलं नाही, लपवावं असं वाटलं. ती बाही आमच्यासारख्यांनीच शिवलेली आहे.

आणि तरी मी दोऱ्याला सरसकट सूट द्यावी असंही म्हणू शकत नाही. आज दोरा, उद्या जाड कडं, परवा देवाचं लॉकेट साखळीत. प्रत्येकामागे कुणाची तरी आजी असणार. कुड्या काढलेल्या त्या पोरीच्या कानातल्या काड्या मला अजून दिसतात, आणि खरं सांगायचं तर कुडीपेक्षा ती काडी जास्त धोक्याची होती. बॉल लागला असता तर काय झालं असतं, विचार करवत नाही. मी नियमाचं अक्षर पाळलं आणि तिच्या कानात काड्या घालून तिला खेळायला पाठवलं.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी शिक्षकांची बैठक झाली तेव्हा मी उठून बोलले. मला सभेत बोलायची सवय नाही, घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, मी मॅचच्या आधी तासभर येणार. दोरा, गंडा, नुकते टोचलेले कान, जे असेल ते मुलींनी मला तेव्हाच दाखवायचं. कापडी चिकटपट्टी माझ्याकडे असेल, ती घट्ट लावू. त्यानंतर दोऱ्यासाठी मॅच थांबणार नाही, कुणी टाइम मागितला तरी नाही. बॅट मात्र मी हलवून बघणार, आणि खुळखुळली तर ती माझ्या खुर्चीखाली जाईल, मग कुणाकडे किती का असेनात. खोलीत शांतता झाली. कुणी होय म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही. चहा आला.

गेल्या आठवड्यात त्याच सड्यावर मॅच होती. सीतेची आसवं यंदा थोडी उशिरा फुललीत. मी सात वाजताच पोचले. खताची पिशवी घेऊन बाई आल्या, मागून मुली. सात नंबर उंच झालीय, ओळखू येईना. ती आपणहून समोर आली, आखूड बाहीचा टीशर्ट, आणि डावा हात पुढे केला. मनगटावर पांढरी कापडी पट्टी होती, व्यवस्थित, कडा दाबून बसवलेली, आणि तिच्याखाली दोऱ्याचा उंचवटा. ‘कोणी लावली गो?’ म्हटलं. ‘आजयेनच लावल्यान, मॅडम.’ मी पट्टीवरून बोट फिरवलं. कुठं उचकटत नव्हती. मी पुस्तक बॅगेतून काढलं, दोरा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटा-सुलटा करून बघितला, कापलेलं टोक बघितलं, आणि काही न बोलता खिशात घातला.

मग बॅटी. पहिली हलवली, आवाज नाही. दुसरी हलवली आणि आत ती खुळखुळ. टोपी नवी, चिकटवलेली, टेपही बदललेली, पण आत काहीतरी सुटलेलंच. बाई म्हणाल्या, ‘रिपेर केलीय, मॅडम.’ मी म्हटलं, ‘ऐकू येतंय, बाई.’ आणि ती माझ्या खुर्चीखाली ठेवली. बाईंचा चेहरा पडला, तो मला बघवला नाही, पण मी बघितला. पलीकडे तेच सर होते, मुलींना वॉर्म-अप देत. त्यांच्याकडे चार बॅटी. मी चालत गेले आणि विचारलं, तुमच्यातली एक त्यांना वापरायला द्याल का, हेल्मेट देतो तशी. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आणि मोडली तर?’

‘मोडली तर माझ्या मानधनातून घ्या.’

त्यांनी पिशवीत हात घातला, एक काढली, मग ती परत ठेवून दुसरी, जास्त चांगली काढली. मी ती हलवली. काही वाजलं नाही. सात नंबर ती घ्यायला पळत आली. नव्या पकडीवर तिनं मूठ दोनदा आवळून बघितली, आणि हात सैल सोडून पळत परत गेली.